गुरप्पाची ओकारी

आमच्या मंडळाच्या पेटीतून गुरप्पानं मेलेली उंदरीण काढली, तेव्हापासून माझी त्याची ओळख.

गोष्ट एकाहत्तर सालची. सोलापुरात आमचं एक संगीत मंडळ होतं. मी एका शाळेत कारकून होतो. अक्षर बरं, म्हणून मंडळानं मला सहचिटणीस केलं होतं. निमंत्रणपत्रिका लिहायच्या, सतरंज्या मोजून घ्यायच्या, सभेचं इतिवृत्त लिहायचं, ही माझी कामं. अध्यक्ष होते प्राध्यापक मोहोळकर. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि सौंदर्यशास्त्रावर लेख लिहायचे. मंडळाच्या पेटीचा मधला गंधार त्या वर्षी चार-पाच महिने दबका वाजत होता. मोहोळकरांनी त्या गंधारावर एक लेखही लिहिला. त्या स्वरात म्हणे मानवी अस्तित्वाची विषण्णता होती. पेटी उघडली की एक घाण वास यायचा, तो हॉलमागच्या गटाराचा, असं आमचं ठरलेलं होतं.

शेवटी पेटी वाजेचना, तेव्हा मी बाळीवेशीतल्या एका बोळातून गुरप्पाला बोलावून आणलं. चाळिशीचा, काटक माणूस. कपाळाला विभूती, अंगात मळखाऊ सदरा. त्यानं वर्तमानपत्र अंथरून पेटी खोलली. भात्यात वाळून चिप्प झालेली उंदरीण होती आणि तिच्या पोटाशी चिकटलेली चार बिनकेसांची पिल्लं. त्यानं ती एकेक करून चिमट्यानं उचलून कागदावर ठेवली. आम्ही सगळे नाकाला रुमाल लावून मागे सरकलो.

गुरप्पानं वर बघून विचारलं, “ह्येच्यावर तुमी चार म्हैने गानं ऐकलं?”

“वास यायचा हो,” मी म्हणालो, “पण आम्हाला वाटलं गटाराचा.”

“वासाचं सोडा. सूर कुनालाच ऐकू आला न्हाय?”

मोहोळकर खिडकीतून बाहेर बघत राहिले. गुरप्पानं पुडी बांधली, बाहेर नेऊन टाकली, हात धुतले आणि गंधाराची पितळी जीभ कानसायला बसला. त्याच्या तोंडावर जी किळस होती ती मेलेल्या जनावराची नव्हती, आमची होती. मला तो तेव्हा उद्धटपणा वाटला.

पुढे मी त्याच्या दुकानात जाऊन बसायला लागलो. गुरप्पा मूळचा दुधनीचा. त्याचा बाप रुद्रप्पा तिथल्या मठात एकतारीवर भजनं म्हणायचा. घरात कानडी, बाजारात मराठी. गुरप्पा पंधराव्या वर्षी सोलापुरात आला, एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली पेट्या दुरुस्त करायला शिकला आणि कारागीर गेल्यावर त्याचीच हत्यारं घेऊन बोळात बसला. त्याला गाता येत नव्हतं. वाजवायलाही जेमतेम यायचं. पण कान असा की मिलचा भोंगा झाला की हा म्हणायचा, “आज वाफ कमी हाय,” आणि मिलमधला कुणी भेटला की ते खरं निघायचं.

सूर लावणं म्हणजे काय, हे त्यानं मला एकदा दाखवलं. त्यानं एकाच सुराच्या, दोन सप्तकांतल्या दोन पट्ट्या एकदम दाबल्या. “आता ऐका. मधी कायतरी डुलतंय की न्हाय?” मी कान लावला. खरंच दोन सुरांच्या मध्ये एक लाट हलत होती, पाळणा हलावा तशी. त्यानं एक जीभ काढून दोनदा कानस फिरवली, परत बसवली. लाट संथ झाली. आणखी एकदा. लाट थांबली आणि दोन्ही सूर मिळून एकच झाला.

“डुलायचं थांबलं की खरं,” गुरप्पा म्हणाला. “ह्यात वशिला चालत न्हाय.”

त्याच्या बापानं त्याला आणखी एक गोष्ट शिकवली होती आणि ती त्यानं तितक्याच खात्रीनं धरून ठेवली होती. माणूस आतून फुटका असला की त्याचा सूरही फुटकाच निघतो. मडकं वाजवून बघतात तसं गळा वाजवून माणूस कळतो. गुरप्पाची ही श्रद्धा एका माणसावर टेकलेली होती. तो माणूस म्हणजे त्रिविक्रमबुवा, बेळगावकडचे गवई. बाविसाव्या वर्षी गुरप्पानं एका हॉटेलातल्या रेडिओवर बुवांची तोडी ऐकली. हातातल्या चहावर साय धरली तरी तो उभाच होता. त्या दिवसापासून बुवांचं गाणं रेडिओवर असलं की दुकान बंद. बायको शिवबाई म्हणायची, “देवाला एक येळ नैवेद्य चुकंल, पर बुवांचं गानं न्हाय चुकायचं.” बुवांना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पण असा षड्ज लावणारा माणूस धुतल्या तांदळासारखा असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत मंडळानं बुवांना बोलावलं. रविवारी सकाळी नऊ वाजता शाळेच्या हॉलमध्ये बैठक. बुवा उतरले मोहोळकरांच्या बंगल्यात, रेल्वे लाइन्सला. पेटी बुवांच्या पट्टीत तपासून घ्यायला गुरप्पा सकाळी सातलाच आला. अंगात इस्त्रीचा सदरा, पायात नव्या चपला. चपला त्यानं फाटकाबाहेरच काढल्या.

दिवाणखान्यात बुवा लोडाला रेलले होते. गोरे, स्थूल, साठीच्या पुढचे, तोंडात तंबाखूचं पान. समोर मोहोळकर, मंडळाचे सहाजण आणि मी. कोपऱ्यात बुवांची शिष्या तंबोरा लावत बसली होती. महादेवी तिचं नाव, वय तिशीच्या आत, पिवळं लुगडं. ती तंबोऱ्याच्या खुंट्या पिळत होती आणि गुरप्पा दाराशी बसून तिच्या सुराकडे कान लावून होता. मला त्यानं हळूच मान हलवून सांगितलं, की लागतोय, बरोबर लागतोय.

बुवांच्या तोंडात पिंक साचली. पिकदाणी खिडकीत होती, चार पावलांवर. मी उठणार तेवढ्यात बुवांनी महादेवीकडे बघून नुसती हनुवटी उचलली. ती तंबोरा आडवा ठेवून जवळ आली, गुडघ्यावर बसली आणि तिनं दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. बुवा त्या ओंजळीत थुंकले. लाल, घट्ट, लाळेची तार ओठापासून तिच्या अंगठ्यापर्यंत लोंबली. ती तार बुवांनी बोटानं तोडली आणि बोट तिच्या पदराला पुसलं.

“गुरूचा प्रसाद,” बुवा म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो. मोहोळकर सद्गदित होऊन म्हणाले, “काय ही गुरुभक्ती! हल्ली बघायला मिळत नाही.”

महादेवी ओंजळ सांभाळत मागच्या मोरीकडे गेली. बोटांच्या फटीतून दोन थेंब फरशीवर पडले. गुरप्पा उठून तिच्या मागे गेला. त्यानं बादलीतून तांब्या भरून तिच्या हातावर पाणी ओतलं, असं त्यानं मला नंतर सांगितलं. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात धुतले, परत आली, तंबोरा घेतला आणि जिथं सोडला होता तिथून लावायला लागली.

शाळेत पोचलो तर दुसऱ्या तंबोऱ्याला बसणारा आमचा माणूस आला नव्हता. मोहोळकर म्हणाले, “गुरप्पा, तू बैस. तार तर छेडायची.” एरवी या एका वाक्यासाठी त्यानं जन्म ओवाळून टाकला असता. आता तो मान खाली घालून मागे बसला. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला महादेवी, मध्ये बुवांची पाठ.

बुवांनी तोडी घेतली.

त्या गाण्याचं वर्णन मी करणार नाही. त्या दिवशी जे ऐकलं त्यापुढे मोहोळकरांचे सगळे लेख रद्दीत घालण्याच्या लायकीचे होते, एवढंच सांगतो. बुवा कोमल गंधारावर आले आणि तिथं थांबले. हॉलमध्ये तीनशे माणसं होती, खोकल्याचा आवाज नव्हता. मी स्टेजच्या कडेला उभा होतो. गुरप्पा रडत होता. डोळ्यांतून पाणी सरळ सदऱ्यावर पडत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. त्याची नजर महादेवीच्या हातावर होती. धुतला तरी काताचा रंग तिच्या तळव्याच्या रेषांत राहिला होता आणि त्याच हाताची बोटं तारेवरून फिरत होती.

बैठक संपली. लोक बुवांच्या पाया पडायला धावले. गुरप्पानं तंबोरा नीट गवसणीत घातला, मागच्या दारानं बाहेर गेला आणि लिंबाच्या झाडाखाली वाकून भडाभडा ओकला. मी पाणी घेऊन गेलो.

“पित्त झालं का? सकाळी काही खाल्लं नव्हतंस?”

तो चूळ भरून तिथंच बसला. मग म्हणाला, “मी रडलो, साहेब.”

“सगळेच रडले.”

“सगळ्यांचं मला सांगू नगा. सात वाजता त्यानं काय केलं ते मी बगितलं. आन् धा वाजता त्याच्याच गळ्याला मी रडलो. मला माज्याच डोळ्याची किळस यायला लागलीय.”

दोन दिवसांनी तो मंडळाची पेटी परत द्यायला मोहोळकरांकडे आला, तेव्हा मी तिथं होतो. त्यानं सरळच विचारलं, की साहेब, तुम्ही शिकलेले आहात, असा माणूस असं गातो कसा? मोहोळकरांना असा प्रश्न आवडायचा. ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “कलावंत वेगळा आणि माणूस वेगळा, गुरप्पा. रसाचा आस्वाद घेताना आपण व्यवहार बाहेर ठेवतो, चपला ठेवतो तसा. कमळ चिखलातच उगवतं.”

“व्हय साहेब. पर चिखल कुनाच्या वंजळीत थुकत न्हाय.”

मोहोळकर हसले. “तू भावनेच्या भरात बोलतोयस. ती मुलगी स्वतःच्या इच्छेनं करते. त्या परंपरेत सेवा असते.”

“मग तुमची सरोजिनीताई गानं शिकती की. तिला धाडा सेवेला.”

सरोजिनी त्यांची मुलगी. मोहोळकरांचा चेहरा एकदम पडला आणि त्यांनी गुरप्पाला पेटी कोपऱ्यात ठेवून जायला सांगितलं.

त्यानंतर गुरप्पाचं एक वेगळंच सुरू झालं. त्या बैठकीची टेप आम्ही केली होती आणि मंडळाचं मोठं चकत्यांचं मशीन माझ्या घरी असायचं. दर रविवारी दुपारी गुरप्पा यायचा आणि म्हणायचा, “लावा.” भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायचा. पहिल्यांदा मला वाटलं, गाण्याची ओढ सुटत नाही. तिसऱ्या रविवारी कळलं की तो चूक शोधत होता. बापाचं म्हणणं खरं असेल तर त्या तोडीत कुठंतरी एखादा सूर फुटका असलाच पाहिजे. एखादी जागा मागे घेऊन तो पुन्हा लावायला सांगायचा, पुढे वाकायचा, कपाळाच्या शिरा ताठ व्हायच्या. आणि मग मागे टेकायचा.

“न्हाय,” म्हणायचा. “बराब्बर हाय.”

असं त्यानं सात-आठ रविवार केलं. शेवटच्या खेपेला त्यानं ऐकून झाल्यावर स्वतःच मशीन बंद केलं. “डुलत न्हाय कुटंच,” तो म्हणाला. “आमचा बा खोटं बोलला. मान्साचा आन् सुराचा काय संबंध न्हाय. मग मी इतकी वरसं काय ऐकत हुतो हो? कानातनं हे सगळं खरवडून काढावंसं वाटतंय.”

मी त्याला मोहोळकरांचंच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगायला लागलो. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी मध्येच थांबलो.

वैशाखात महादेवी त्याच्या दुकानात आली. तिचं माहेरही दुधनीच निघालं. आईला भेटायला जाताना सोलापूरला गाडी बदलायची होती आणि तिच्या रियाझाच्या छोट्या पेटीची एक पट्टी अडकत होती. गुरप्पानं पेटी दुरुस्त केली. दोघं कानडीत बोलत होते. पट्टी बसवून झाल्यावर त्याला राहवलं नाही. तो म्हणाला, “बाई, त्या दिवशी जे झालं त्यानं मला ओकारी झाली.”

महादेवी शांतपणे म्हणाली, “तुम्हाला एकदा झाली. मला अकरा वर्षं होतेय. बुवांनी षड्ज लावला की थांबते. तो षड्ज दुसरीकडे कुठं मिळेल, सांगा, मी तिकडे जाते.”

गुरप्पानं पेटीचं झाकण लावलं.

“आणि थुंकणारा एक होता,” ती म्हणाली. “बघणारे नऊ. त्यातले तुम्ही एक. हातावर पाणी ओतलंत, तेवढ्यानं तुमचं मन धुतलं गेलं का?”

हे मला सांगून गुरप्पा म्हणाला, “खरं बोलली हो. मी त्या मान्साची किळस करत बसलो. टेप लावून त्याच्यात भोक हुडकत बसलो. पर मी दाराशी गप बसलो हुतो, त्येचं काय? तिनं पेटी उचलली आन् गेली. मान वळवून बगितलं बी न्हाय.”

पंच्याहत्तरच्या फेब्रुवारीत मंडळाचा वर्धापनदिन होता आणि मोहोळकरांनी पुन्हा बुवांनाच बोलावलं. पेटीसाठी मी गुरप्पाला विचारायला गेलो तेव्हा वाटलं, नाही म्हणेल. तो लगेच हो म्हणाला. मला बरं वाटलं, कारण सोलापुरात तसा सूर लावणारा दुसरा नव्हता, आणि वर्ष उलटलं की माणसं विसरतात, अशी माझी समजूत होती.

या वेळी मोहोळकर आधीच हॉलवर गेले होते. त्यांचं प्रास्ताविक भाषण होतं. बंगल्यात बुवा, मंडळाचे पाचजण, मी आणि दाराशी गुरप्पा. पेटी लावून तयार होती. पिकदाणी या खेपेला मी मुद्दाम जवळ ठेवली होती, बुवांच्या डाव्या हाताशी. बुवांनी तिच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी महादेवीकडे बघून हनुवटी उचलली.

ती तंबोरा खाली ठेवायला लागली. तेवढ्यात गुरप्पा पुढे झाला, बुवांसमोर गुडघ्यावर बसला आणि त्यानं आपली ओंजळ पुढे धरली. घट्टे पडलेले, काळे, कानशीनं सोललेले हात.

बुवा क्षणभर थांबले. मग हसले. “अरे वा! हा नवा शिष्य कुठून आला?” आणि थुंकले.

सगळे हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही.

गुरप्पा उठला. मोरीकडे न जाता तो समोरच्या दारानं बाहेर पडला. मी मागे धावलो. “गुरप्पा, हात धू. काय करतोस?” बंगल्यापासून शाळा पाच मिनिटांवर. रविवारची सकाळ, रस्त्यावर लोक होते. ओंजळ छातीशी धरून तो अनवाणी चालला होता. लाल ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत आले, सदऱ्याच्या बाहीत मुरले. समोरून येणारी एक बाई तोंडाला पदर लावून बाजूला झाली. तिला वाटलं, याचा हात कापलाय. तंबाखूचा आणि शिळ्या तोंडाचा तो वास माझ्यापर्यंत येत होता. मी त्याच्या मागे, दोन हात अंतर ठेवून, चालत होतो.

हॉल भरला होता. व्यासपीठावर पांढरी चादर, उदबत्त्या, आणि मोहोळकर रसावर बोलत होते. रस हा ऐकणाऱ्याच्या अंतःकरणातच असतो, गायक तो फक्त जागा करतो, असं काहीतरी चाललं होतं. गुरप्पा मधल्या वाटेनं सरळ पुढे गेला आणि व्यासपीठाच्या पायरीशी उभा राहिला.

“साहेब,” तो म्हणाला, “रस आनलाय.”

मोहोळकरांनी खाली बघितलं. त्यांचा चेहरा आक्रसला. त्यांनी धोतर वर उचलून एक पाऊल मागे घेतलं.

“आत्ताच दिला बुवांनी. ताजा हाय. ह्यो कुटं ठेवू? कलेच्या बाजूला का मान्साच्या?” ओंजळीतला एक थेंब चादरीवर पडला. गुरप्पा लोकांकडे वळला. त्याला मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. “मागच्या साली महादेवीबाईनं ह्यो वंजळीत धरला. आमी नऊ जन बगत हुतो. मी बी. अकरा वरसं धरतीय ती बाई. तुमाला गानं पायजे ना? मग ह्ये बी घ्या की. एकटीनं कितींदा धरावं तिनं?”

पुढच्या रांगेतले लोक पाय पोटाशी घेऊन मागे सरकले. कुणीतरी “शी!” म्हणालं. कुणीतरी ओरडलं, “दारू प्यालाय, बाहेर काढा.” मोहोळकर माझ्याकडे बघून हात झाडत होते. आम्ही तिघांनी गुरप्पाला बाहेर काढलं. तो झटापट करत नव्हता. त्याच्या कोपराला धरताना मी मध्ये रुमाल घेतला होता. हे मला आजही आठवतं. तो दारू प्यालेला नाही, हे हॉलमध्ये मला एकट्याला माहीत होतं आणि मी ते सांगितलं नाही.

त्याला नळाशी सोडून मी आत आलो. चादर बदलली. अर्ध्या तासानं बुवा आले आणि गायले.

तीनशेतला एकही माणूस उठून गेला नाही. मीही नाही. आणि गाणं उत्तम झालं. बुवांवर झाल्या प्रकाराची सावलीही नव्हती. उलट आवाज जास्तच मोकळा लागला होता. तंबोऱ्यावर या वेळी महादेवी नव्हती; बुवांनी तिला बंगल्यावरच थांबवलं होतं. मध्यंतरात मी चहा सांगायला बाहेर गेलो तर गुरप्पा खिडकीखाली भिंतीला टेकून उभा होता. हात धुतलेले, सदरा ओला. डोळे मिटलेले.

“गेला नाहीस?”

“जाववत न्हाय,” तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड फिरवून घेतलं.

मंडळाच्या सभेत ठराव झाला. इतिवृत्त मी लिहिलं. ‘एका कारागिराच्या गैरवर्तनाने रसभंग झाला, त्याबद्दल मंडळ दिलगीर आहे.’ अक्षर नेहमीसारखं सुंदर आलं होतं. त्या वहीत महादेवीचं नाव नाही. महिन्याभरात मी सहचिटणीसपद सोडलं, पण प्रकृतीचं कारण देऊन.

गुरप्पाकडे नंतर शाळांच्या आणि भजनी मंडळांच्या पेट्या तेवढ्या यायच्या. त्याला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या रविवारी दुपारीच बुवांनी महादेवीला हाकलून दिलं होतं. तूच त्या पेटीवाल्याला फूस दिलीस, म्हणाले. तिची ट्रंक आणि छोटी पेटी मोहोळकरांच्या गड्यानं एसटी स्टँडवर नेऊन ठेवली. अकरा वर्षांची विद्या अर्धवट टाकून ती दुधनीला आईकडे परत गेली.

हे कळल्यावर गुरप्पा दुधनीला गेला. महादेवीनं त्याला घरात घेतलं नाही. कट्ट्यावर बसवलं, पाणी दिलं. तिची आई गुरम्मा आतून शिव्या देत होती. गुरप्पानं हात जोडले. महादेवी म्हणाली, “माझी ओंजळ तुम्ही सोडवलीत, खरं आहे. पण मला विचारलं होतंत का? हॉलमध्ये माझं नाव तुम्ही घेतलंत. आता दुधनीतल्या बायका माझ्या हाताकडे बघतात. शेजारची बसव्वा माझ्या हातचं पाणी घेत नाही.”

“चुकलं, बाई,” गुरप्पा म्हणाला.

“बुवांना किळस वाटावी म्हणून तुम्ही केलंत. त्यांना नाही वाटली. लोकांना वाटली, ती माझी वाटली.”

तो उठायला लागला. तेव्हा ती आत गेली आणि पेटी घेऊन आली. इतकी वर्षं ती बुवांच्या पट्टीत, पुरुषाच्या खालच्या सुरात गळा घोटून गात आली होती. तिच्या पट्टीतले वरचे सूर कधी वापरलेच नव्हते. धूळ बसून ते घोगरे झाले होते. “आलाच आहात तर हे नीट करा,” ती म्हणाली. “माझ्या पट्टीत काय निघतं ते बघू दे.”

गुरप्पानं कट्ट्यावर बसून दिवसभर एकेक सूर काढून साफ केला. संध्याकाळी दिवेलागणीआधी तिनं पेटी पुढे ओढली आणि गायली. इतक्या उंच जागी गायची तिला सवय नव्हती. आवाज चिरत होता, गंधार हलत होता.

सोलापूरला परतल्यावर तो माझ्याकडे येऊन बसला.

“कसं गायली?” मी विचारलं.

“डुलत हुतं.”

“शिकेल हळूहळू.”

“शिकंल. पर माज्या डोळ्याला पानी आलं न्हाय.” त्यानं माझ्याकडे बघितलं. “इतकं सोसलेली बाई, जीव तोडून गातीय, मी समोर बसलोय, आन् आत काय हाललं न्हाय. लाकडागत बसलो हुतो. त्या थुकनाऱ्याच्या गळ्याला रडलो आन् हिच्या न्हाय. असला कान काय चाटायचा हाय?”

मी म्हणालो, “आवड आपल्या हातात नसते, गुरप्पा.”

“तुमचे ते मोहोळकर असंच बोलत्यात,” तो म्हणाला आणि उठला.

रेडिओ त्यानं शिवबाईच्या भावाला देऊन टाकला. पण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो दुधनीची गाडी धरायचा. पेटी तपासायचा, कट्ट्यावर बसून तिचं गाणं ऐकायचा, परत यायचा. अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीपर्यंत तरी मी त्याला स्टँडवर हत्यारांची पिशवी घेऊन उभा असलेला बघत होतो. महादेवीकडे तोवर गावातल्या सहा-सात मुली शिकायला यायच्या. बसव्वाची नातही होती त्यांत.

एकदा मी त्याला विचारलं, “आता आवडतं का तिचं गाणं?”

“न्हाय,” गुरप्पा म्हणाला. गाडी लागली होती, तो पायरीवर चढला. “सूर सुदारलाय. आवडत न्हाय अजून.”

“मग कशाला जातोस?”

“कुनीतरी बसायला नगो का समोर?” तो म्हणाला आणि आत जागा बघायला गेला.